तिसऱ्या पिंपाचा वास

९ फेब्रुवारी
एका रिकाम्या बाटलीपायी आज माझी अब्रू गेली, याची नोंद राहिली पाहिजे. तोक्योत कचऱ्याचेही वार ठरलेले: बाटली एका वारी, पत्र्याचं झाकण दुसऱ्या, बूच जाळायच्या कचऱ्यात, लेबल आधी भिजवून सोलायचं. मी सगळं एकत्रच ठेवलं. संध्याकाळी बाटली आमच्या दाराशी परत, गळ्यात पिवळी चिठ्ठी. मजकूर अतिशय नम्र. इथे नम्र चिठ्ठीइतकं कठोर काही नसतं. माणसाचे अंत्यसंस्कार एका दिवसात उरकतात, बाटलीचे चार दिवस चालतात.

बाटली सासऱ्यांची. ओतोसान शिओजिरीच्या पठारावर वाइन करतात. सातशे मीटर उंची, तिन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, जमिनीत मातीपेक्षा गोटे जास्त. नोव्हेंबरपासून दर महिन्याला कुरिअरने लहान बाटल्या येतात, वर फक्त पिंपाचा नंबर. मी हुंगायचं, प्यायचं आणि पोस्टकार्डावर लिहायचं, वास कसा आहे. फोन चालत नाही. हे माझ्या बायकोच्या, युमिच्या, कामाचं नाही, एका घोटात तिचा चेहरा लाल होतो. म्हणून जावई.

"सेन्सेई, म्हणजे गुरुजी, तुम्ही शब्दांतले माणूस," ओतोसान म्हणाले होते. "माझ्या वाइनला शब्द द्या."

सेंदाईला बौद्ध संस्कृत शिकायला आलो, युमि भेटली, पोथी राहिली. आता कंपनीत करारांची भाषांतरं करतो. बऱ्याच वर्षांत कुणी माझ्याकडे शब्द मागितले नव्हते.

१५ फेब्रुवारी
कार्डं टाकली. पिं. १, नायागारा जातीच्या द्राक्षांची: पांढरी, गोड, जत्रेतल्या सरबतासारखी. तोक्योतले जाणकार हिला नाकं मुरडतात. ओतोसानचं मत: मर्लो पाहुण्यांसाठी, नायागारा गावासाठी.

पिं. ३, मर्लो: आधी कोकम, मग ओली पाटी, शेवटी जिभेवर कात. कषाय रस, पण सभ्य. दुसरीकडची मर्लो पोट सुटलेल्या श्रीमंत मामासारखी असते. ही थंडीत वाढलेली, काटक, कमी बोलणारी. पठारावरच्या लोकांसारखी.

पिं. ३ मधली द्राक्षं ओकासाननी, म्हणजे सासूबाईंनी, तोडलेली. त्यांच्या हातची शेवटची. त्याच शरदात त्या गेल्या. वाइन बाटल्यांत भरायची ती यंदा शरदात, त्यांच्या स्मृतिदिनाला. त्याआधी नाही. याबाबत ओतोसान ठाम आहेत.

युमि म्हणाली, "बाबांनी मला आयुष्यात एवढी पत्रं लिहिली नाहीत."
"तू वास घेत नाहीस."
"मी त्यांची मुलगी आहे."
"ते दुय्यम," मी म्हटलं. तिने उशी फेकून मारली.

८ मार्च
सीडरचे पराग सुटलेत. सगळं तोक्यो मास्क लावून शिंकतंय. माझं नाक पूर्ण बंद, आणि आजच बाटल्या आल्या. पिं. ३ दोनदा हुंगली. शून्य. जिभेला थोडी आंबट लागली, पण ती मुळात आंबटच.

'नाक बंद आहे, कळत नाही' असं लिहायला हवं होतं. लाज वाटली. नोव्हेंबरपासून मिळवलेली प्रतिष्ठा सर्दीत घालवायची? लिहिलं: "पिकलेला पेरू, मागे जरासा बुक्का. उत्तम चाललं आहे."

मीराने खांद्यावरून वाचलं. सोळा वर्षांची आहे, दया नाही. "बाबा, सकाळी डाळ करपली ती कळली नाही तुला."
"पेरू सूक्ष्म आहे."
"उसो," म्हणाली. खोटं. जपानीत हा शब्द फार छोटा आहे.

१२ एप्रिल
बाटल्या आल्या, पण पिं. ३ ची नाही. सोबत ओतोसानचं कार्ड: "तिसरं पिंप शांत झोपू दे. सारखं उघडलं की हवा लागते. सेन्सेईंचं कार्ड चांगलं होतं."
पुन्हा पुन्हा वाचलं. तारीफ आवडली. अक्षर नेहमीपेक्षा बारीक वाटलं. म्हटलं, कार्ड वाचवत असतील.

४ मे, शिओजिरी
सुट्टीचा आठवडा. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनहून अडीच तास. फलाटावरच द्राक्षाचा मांडव आहे, उतरल्या उतरल्या कळतं कुठे आलो. डोंगरांवर अजून बर्फ. वेलींना नखाएवढी पानं.

इथला मांडव ओकासानच्या डोक्याला बेताचा बांधलेला आहे. त्याच्या खाली शिरायचं तर मला ऋषिकुमारासारखं वाकून चालावं लागतं. मान धरली. ओतोसान म्हणाले, "सतरा वर्षं सांगतोय, कमी उंचीचा जावई हवा होता."

घरात चहा. ओतोसाननी मीरासाठी दूध ओतलं, तिने कप तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. "ओजीचान," ती आजोबांना म्हणाली, "हे नासलंय." त्यांनी कप घेतला, हुंगला, म्हणाले, "हो का." तो 'हो का' मला विचित्र वाटला.

मग तळघर. पिंपांच्या वर भिंतीवर माझी कार्डं. प्रत्येक पिंपावर त्याची, तारीखवार, टाचण्या लावून. जपानी मजकुरात मधेच परक्या शब्दांसाठीच्या काताकाना अक्षरांत 'कोकम', 'कात', 'बुक्का', आणि खाली बारीक पेन्सिलीने ओतोसानचं प्रश्नचिन्ह. मला भरून आलं. एवढं कुणी मला कधी छापलं नव्हतं.

ओतोसाननी पिं. ३ चं बूच काढलं. माझ्याआधी मीरा बोलली. "नेलपॉलिश."

नेलपॉलिशच. आणि त्याच्या मागून व्हिनेगर, मुंबईच्या चायनीज गाडीवरच्यासारखा. तळघर भरलं त्याने.

ओतोसान वासाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा चेहरा वाचत होते. मग भिंतीकडे वळले आणि मार्चचं कार्ड वाचलं, हळू, मोठ्याने. "पिकलेला पेरू."

मीराला म्हणाले, "वर जा, आजीच्या फोटोपुढे उदबत्ती लाव." ती गेली.
"मार्चमध्ये," मी म्हटलं, "मला परागांचा त्रास होता. नाक बंद होतं."
ओतोसाननी पिंपाचं लाकूड चोळलं. मग म्हणाले, "तुमचंही."

५ मे
सकाळी मांडवाखाली. दोघेही वाकून, त्यामुळे एकमेकांकडे बघावं लागलं नाही. ओतोसाननी सांगितलं ते असं: वास मागच्या उन्हाळ्यात जायला लागला. आधी भाताचा, मग उदबत्तीचा, मग वाइनचा. सर्दी नाही, काही नाही. जीभ शाबूत आहे, गोड-आंबट-कडू कळतं. बाकी कोरं.

"वाइनवाल्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता आला असता," मी म्हटलं.
"बावन्न वर्षं मी त्यांना नमुना पाठवला नाही. आता पाठवला तर विचारतील, का."
"मग मला का सांगितलं नाहीत?"
"सांगितलं असतं तर तुम्ही काळजीने लिहिलं असतं. मला वास हवा होता, काळजी नको होती."

मी माफी मागितली. नीट, इथल्या पद्धतीने, कमरेत वाकून. मांडवाखाली आधीच वाकलेला माणूस आणखी वाकतो तेव्हा तो कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण ओतोसान हसले. मग म्हणाले, "युमिला नका सांगू. लगेच मला तोक्योला नेईल. तिथे दहाव्या मजल्यावर माझ्या मर्लोचं काय?"
मी हो म्हटलं.

१८ मे
न्यायदर्शनात गंध हा पृथ्वीचा गुण. पाण्याला वास नाही. आलाच तर त्यात मिसळलेल्या मातीचा. या हिशोबाने ओतोसानच्या वाइनमधून गोटे, गवत, डोंगर सगळं वजा झालंय. त्यांच्यापर्यंत आंबट-गोड पाणी पोहोचतं.

आणि प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं. स्वतःच्या इंद्रियाने कळतं ते प्रत्यक्ष. ते गेलं तर विश्वासू माणसाचा शब्द हे प्रमाण. भरवशाचा माणूस म्हणजे आप्त. बी.ए.ला यावर मी पंधरापैकी चौदा घेतले होते. उभ्या आयुष्यात एकच माणूस मला आप्त समजला, आणि त्याला मी पेरू लिहून पाठवला.

२२ जून
आता दोन आठवड्यांतून एका शनिवारी जातो. युमिला सांगितलंय की वाइन शिकतोय. खोटं नाही. पिंप भरून ठेवायचं, हवा राहू द्यायची नाही, हे मी शिकलो. ओतोसान जुन्या पद्धतीचे आहेत. ग्लासाऐवजी चहाच्या वाटीत ओततात, एक शो-ची, म्हणजे जवळपास दोन लिटरची, बाटली मांडीवर धरून. वाटी दोन्ही हातांनी नाकाशी नेतात, डोळे मिटतात. हे सवयीने. मग माझ्याकडे सरकवतात.

"काय?"
"ओलं जांभूळ. गवत, पण वाळलेलं. मागे थोडी..." शब्द सापडेना. "देवघरातली समई विझवल्यावर येतो तो."
"तो वास कसा असतो?"
मी सांगत बसलो. त्यांनी पेन्सिलीने टिपून घेतलं. समईचं चित्रही काढायला लावलं. माझी समई कमळाऐवजी नळासारखी आली.

पिं. ३ ओतून टाकायचं नाही, म्हणाले. पूर्ण आंबू द्यायचं. व्हिनेगर होईल. "ओकासानला आंबटच आवडायचं. भातावरही घालायची." पहिली वाटी ओकासानच्या फोटोपुढे ठेवली. मी हात जोडले आणि मनातल्या मनात बुक्क्याबद्दलही माफी मागितली.

३ ऑगस्ट
फ्लू. नाक बंद. कार्ड टाकलं: "या महिन्यात माझं नाक काम करत नाही. काहीही सांगता येणार नाही." लिहिताना हात जड झाला. उलट टपाली कार्ड आलं: "आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं कार्ड. भिंतीवर लावलं." अक्षर मुंगीएवढं. मीराने फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचून दाखवलं.

१४ सप्टेंबर, शिओजिरी
नायागाराची तोडणी. सगळा गाव वासाने भरलाय. स्टेशनबाहेर पडलो आणि मीरा थबकली. "बाबा, हवेतच जेली आहे." मधाचा, स्ट्रॉबेरीचा, ओल्या घोंगडीचा, सगळ्यांचा मिळून एक वास. वाळत घातलेल्या कपड्यांना येतो, बसच्या सीटला येतो. त्यापासून सुटका नाही.

आठवलं: मागच्या सप्टेंबरमध्ये याच रस्त्यावर ओतोसान म्हणाले होते, "यंदा वास कमी आहे, नाही?" मी म्हटलं होतं, "हो, जरा कमी." मोठ्यांना खोडायचं नाही, ही आमची पुण्याची शिकवण. माझं डोकं त्या वासाने चढलेलं होतं, आणि तरी मी हो म्हटलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं.

आज त्यांनी पुन्हा विचारलं. "यंदा कसा आहे?"
"यंदा भयंकर आहे," मी म्हटलं. "शर्ट टाकून द्यावा लागेल."
खूश झाले. करंडी उचलायला गेले, उजवा हात थरथरला. डाव्याने उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हातारपण."

११ ऑक्टोबर
ओकासानचा स्मृतिदिन. वाइनच्या जागी व्हिनेगर, छोट्या बाटल्यांत, प्रत्येक नातेवाइकाला एक. ओतोसाननी लोकांना सांगितलं, "हिच्या द्राक्षांनी स्वतःच ठरवलं." माझं नाव नाही घेतलं. युमिने घरी त्याची काकडीची कोशिंबीर केली. शेंगदाण्याचं कूट, जिरं, आणि ते. तीन वाट्या खाल्ल्या. म्हणाली, "लिंबापेक्षा चांगलं." मी बाटली धुतली, लेबल सोललं, झाकण वेगळं ठेवलं.

२२ नोव्हेंबर, शिओजिरी
बर्फाआधी वेलींच्या बुंध्यांना गव्हाचा पेंढा गुंडाळायचा, दोरीने बांधायचा, नाहीतर इथल्या थंडीत खोड तडकतं. हे काम ओकासानचं होतं. यंदा आम्ही चौघे. मीराने दोन वेलींना लोकरी स्कार्फसारखी फुलगाठ मारली. ओतोसाननी हसून ती तशीच ठेवली.

ओतोसानना गाठ बसत नव्हती. दोरी सुटायची, पुन्हा घालायचे, पुन्हा सुटायची. चालतानाही पाय उचलत नाहीत, घासत नेतात. ओळीच्या टोकाशी वळताना थांबतात, जणू पायांना कुणी विचारायचं राहिलं. पाचव्या वेलीशी म्हणाले, "सेन्सेई, ही तुम्ही बांधा, मी पेंढा धरतो." युमि दोन ओळी पलीकडे होती. तिने हात थांबवून पाहिलं. मग पुन्हा बांधायला लागली.

परतीच्या गाडीत मीरा झोपल्यावर युमिने विचारलं, "तू दर पंधरवड्याला जातोस. बाबांना काय झालंय?"
"वय," मी म्हटलं.
"तू माझ्याकडे न बघता बोलतोयस."
मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बोगदा होता.

२३ नोव्हेंबर
वाचू नये ते इंटरनेटवर वाचलं. वास जाणं, अक्षर बारीक होणं, हात, पाय. एकाच आजाराच्या पानावर, एकाखाली एक. मी डॉक्टर नाही. वेगळंही असेल. मात्सुमोतोला चांगलं इस्पितळ आहे, गाडीने पंधरा मिनिटं. ओतोसान जाणार नाहीत, युमिने नेलं तरच जातील.

दिलेला शब्द म्हणून गप्प आहे, असं स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. सगळी वर्षं त्या घरात मी उंच, निरुपयोगी, लाडका पाहुणा होतो. आता त्यांच्या वाइनला माझं नाक लागतं, आणि मला ते फार आवडतं. युमिला सांगितलं की ती त्यांना इथे आणेल, वाट्या फडताळात जातील, कार्डं थांबतील. म्हणून मी मे महिन्यापासून रोज 'उत्तम चाललं आहे' असंच लिहून पाठवतोय, फक्त या वेळी बायकोला.

युमि स्वयंपाकघरात आहे. तिचे बाबा आजारी आहेत आणि मी सांगायला उशीर केलाय, मला याची भीती वाटते.