परी गेली, निखारा राहिला

सांगली, रविवार

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई मानसिंगचा दंडवत. आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही मजेत आहोत. (आम्ही म्हणजे मी. आपली कन्या अपेक्षा साताऱ्यास आपल्याकडेच आहे. ती जे सांगत असेल, त्यातले निम्मे खरे धरावे.)

झाले असे. आपण लग्नात दिलेली ती जाडजूड अद्भुत कादंबरी अपेक्षा रोज जेवणानंतर मला वाचून दाखवायची आणि मी हुंकार द्यायचो (झोपेतही देता येतो). त्यात माणसाशी संसार मांडलेली परी एके दिवशी आकाशात निघून जाते. लेखक लिहितो, 'परी गेली. चुलीत निखारा तसाच होता.' बस्स, कादंबरी संपली! अपेक्षा म्हणाली, म्हणजे ती परत येणार. मी म्हणालो, घाईत विझवायचा विसरली असेल. त्यावर दोन दिवस आमटी अळणी आली.

शेवटी मी प्रश्न पेठेत नेला. आम्ही पडलो हळदीचे व्यापारी. वडिलांच्या वेळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा, तसाच रुमाल अंथरला. एक बोट म्हणजे विसरली, दोन म्हणजे येणार. कादंबरी कुणीच वाचलेली नव्हती (हळद आम्ही पोते फोडल्याशिवाय घेत नाही, पण पुस्तकाचे कोण बघतो!). शेजारच्या गाळ्याचे दस्तगीरचाचा म्हणाले, "आवं, निखारा ठिवून कोन बाई घर सोडंल? पेटलं म्हंजी?" सगळ्यांचे एकेकच बोट आले. मी छाती फुगवून घरी निकाल सांगितला. अपेक्षा म्हणाली, "माझ्या परीचा सौदा लावला व्हय तुमी?" आणि दुपारच्या एसटीने निघाली.

तरी मामा, पुस्तक मूळ आपले, अर्थही आपणच लावून कळवावा. मला घाई नाही. स्वयंपाक उत्तम जमतो. सासूबाईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक
मानसिंग

ता. क. भाऊसो अडत्यांचे मत बाद धरावे. त्यांच्या दुसऱ्या बोटाला नखुरडे झाले होते, हे नंतर कळले.

आणखी ता. क. अपेक्षा फोन उचलत नाही. कपाट रिकामे करून गेली, पण गच्चीवर सांडगी मिरच्या वाळत टाकून गेली आहे. मी त्या रोज संध्याकाळी आत आणतो, सकाळी पुन्हा पसरतो. अजून किती ऊन द्यायचे, एवढे तिला विचारावे. आणि ती काय म्हणते यापेक्षा कशी म्हणते, ते कळवावे. घर खायला उठते हो. दस्तगीरचाचा म्हणाले, सूनबाई घाईत विसरली असंल. त्यांच्याशी मी बोलणे सोडले आहे.