यानातल्या लिफ्टची तपासणी

सोमवार, ३ जून. संध्याकाळी ७.
लेक रविवारी नोकरीसाठी परगावी चालली. आज म्हणाली, बाबा, जायच्या आधी एक सायन्स फिक्शन मालिका दोघं मिळून बघू. तुझी ‘दूरकक्षा’ नाहीतर माझी ‘शून्य बंदर’, कुठलीही चालेल. दोन्ही सहा-सहा भागांच्या. रोज एक धरला तर शनिवारी संपते.
‘कुठलीही चालेल’ हे मला खपत नाही. बावीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. असं म्हणणारेच दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. तिची मालिका मी पाहिलेली नाही, पण हलकीच असणार. तरी निष्पक्ष तुलना करून उद्या निकाल देतो.

मंगळवार.
ऑफिसातून तपासणीचे दोन कोरे फॉर्म आणले. दोन्ही मालिका अंतराळयानातल्या, म्हणजे लिफ्ट असणारच, तेव्हा सुरुवात तिथूनच. ‘दूरकक्षा’: अलार्मचं बटण नाही. वजनमर्यादेची पाटी नाही. कॅप्टन धरून नऊ जण आत. मन घट्ट करून दहा गुण कापले.
लेक दारात येऊन म्हणाली, लावू या का. म्हटलं, तपासणीशिवाय परवाना नाही. ती हसली. म्हणजे पटलं.

बुधवार. रात्री ८.
‘शून्य बंदर’ पळवत पळवत बघितली. लिफ्ट थेट तिसऱ्या भागात सापडली. दार बंद होताना डॉक्टरीणबाईंचा कोट अडकला नाही, म्हणजे सेन्सर चोख आहे. जिवावर आलं, पण पूर्ण गुण दिले. बायको म्हणाली, तीनच संध्याकाळी उरल्यात. म्हटलं, रग्गड झाल्या.

गुरुवार.
७१–७१. बरोबरी. फेरतपासणी.
लेक काहीतरी सांगायला आली तेव्हा मी मजले मोजत होतो. आकडा चुकला. तिच्यावर डाफरलो. नंतर वाईट वाटलं. पण निकाल लागला की तीच आभार मानेल. मायलेकी स्वयंपाकघरात मोबाइलवर काहीतरी बघत बसल्यात. वेळेची किंमत नाही.

शुक्रवार, सकाळ.
उद्या सलग सहा भाग बघायचे. जास्त मजा येते.
संध्याकाळ. डोकं दुखतंय. कथा आणि अभिनयाचे गुण द्यायचे राहिले. फॉर्मवर त्याला जागाच नाही.

शनिवार. संध्याकाळी ५.
निकाल लागला. अर्ध्या गुणाने ‘शून्य बंदर’. स्वतःच्या आवडीविरुद्ध कौल देणारा बाप शोधून सापडणार नाही. टीव्हीसमोर दोन खुर्च्या ओढल्या आणि लेकीला हाक मारली. म्हणाली, बॅग भरायचीय, इस्त्री राहिलीय. म्हटलं, एक तरी भाग. म्हणाली, आता नको रे, बाबा.
समजूतदार मुलगी आहे. घाईघाईत बघण्यात अर्थ नसतो.

रविवार, ९ जून. संध्याकाळी ६.
तिला गाडीत बसवून आलो. गाडी नेमकी वेळेवर सुटली.
घर ओकंबोकं वाटतंय. तिला एवढं काय आवडलं ते तरी बघावं म्हणून ‘शून्य बंदर’ लावली. बायकोला म्हटलं, ये, सोबत बघू. ती म्हणाली, बघून झाली. लेकीबरोबर, रोज दोन भाग, मोबाइलवर. शेवटाला दोघी रडल्या म्हणे. काय होतं शेवटाला, विचारलं. म्हणाली, ते तिच्याकडूनच ऐकायचं होतंस.
मग एकटाच बसलो. मालिका चांगली आहे. दहाव्या मिनिटाला एक विनोद झाला, मी खो-खो हसलो आणि शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग टीव्ही बंद केला.