टायगरची गादी

घनश्यामचे बाबा,

मी खदानीच्या विमानानं नागपूरले चालली. घाबरू नका. मोठे साहेब तिथं दवाखान्यात हायेत, त्यायले भेटवाले त्यायच्या कुत्र्याले, टायगरले, नेऊन राह्यलो, असं त्यायचा भाचा म्हणते. मले पटत नाही. टायगर ज्याले पाहून रोज गुरगुरते, त्याले आजच एवढी माया काहून? अन् नुसतं भेटवाचं हाय त कुत्र्याची गादी, वाटी काहून बांधून घेतली?

भाचा म्हणे, कुत्र्याले झोपेची सुई देऊ, बाईची गरज नाही. पायलट साफ नाही म्हणला. वर गेल्यावर झोपेत त्याचा श्वास अडकला त समजणार नाही. तो म्हणे, उपाशी ठेवा, पट्ट्यानं सीटले बांधा, अन् ते ज्याचं ऐकते त्याले बाजूले बसवा. बंगल्यावर रोज माह्या हातचं खाते टायगर, माह्याशिवाय कोणाचं ऐकते? भाच्याचं तोंडच उतरलं.

भात चुलीवर झाकून हाय. तुमच्या आईले विमानाचं सांगू नका, वारासिवनीले बहिणीकडे गेली म्हणा.

मी पायलटले हळूच विचारलं, वापस कधी येऊ? तो म्हणे, उद्या, पण येताना कुत्रा नाही असं भाच्यानं सांगितलं हाय.

साखळी मी माह्या मनगटाले गुंडाळून बसन. आणतील त दोघायले आणतील.

पुष्पलता