साडेदहा तासांचं शिकागो

अहो,

मुंबईला न्यायला गाडी आली, निघाले. मी निघताना समोर असायला नको म्हणून तुम्ही दळण घेऊन गेलात, हे कळलंय मला. पिठाचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.

वांग्याची भाजी फ्रिजमध्ये आहे, तेवढी गरम करून घ्या. दूध तापवताना तिथेच उभे राहा, पेपर वाचत बसू नका.

आणि एक. विमान रात्री एकला सुटतं, सकाळी साडेअकराला शिकागोला पोचतं, म्हणजे साडेदहा तास, असं तुम्ही अख्ख्या विश्रांतवाडीला सांगून ठेवलंत. जन्मभर कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होतात, एका वेळेतून दुसरी वजा केली की झालं. पण तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं. खरे बावीस तास लागतात. तुमच्या लेकीनंच, आम्रपालीनं, समजावलं मला. बाळंतपणाला आठ दिवस राहिलेत आणि ती तिथून फोनवर मला घड्याळ शिकवत होती.

येताना तुमच्या पद्धतीनं दीड दिवस होईल. घाबरू नका, अंतर तेवढंच आहे.

तेव्हा उद्या दुपारपासून फोनजवळ बसू नका. फोन मध्यरात्रीनंतर येईल आणि लावेल आम्रपालीच. चार वर्षं तिचा आवाज ऐकला की तुम्ही काही न बोलता रिसीव्हर माझ्या हातात देता. या वेळी द्यायला घरात कोणी नाही.

सुंदरा