दुकानापुढच्या चार्जरबाबत

बुधवार, दुपार

आदरणीय ओडमुन मेहुणे यांसी,

एंगेब्रेटचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व ठीक आहे. तिकडेही गुडघा सोडून बाकी सर्व ठीक असेल असं धरून चालतो. (गुडघ्याचं आमच्या मारितकडून कळलं. बर्फ उपसताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका, असं मागच्या हिवाळ्यात मीच तुम्हाला सांगितलं होतं. त्याबद्दल वाईट वाटतं.) थंडीबद्दल काही लिहीत नाही, कारण जी इथे आहे तीच तुमच्याकडे आहे. पारा उणे तिसाच्या खाली गेल्यापासून मी थर्मामीटरकडे बघायचं सोडून दिलं आहे. त्याचं त्याला आणि माझं मला, असं चाललं आहे.

पत्रास कारण की, पंचायतीच्या बांधकाम समितीची महिनाअखेरीस बैठक आहे आणि तुम्ही त्या समितीवर आहात. विषय विजेच्या गाड्यांचा आहे. त्या विषयावर समितीत बोलणारे पुष्कळ असतील, पण उणे तिसात अशी गाडी घेऊन डोंगर ओलांडणारा तुमच्या नात्यात मी एकटाच, म्हणून अनुभव कळवतो.

गाडी मारितने माझ्या गळ्यात मारली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोरगी ओस्लोत राहते. म्हणाली, "बाबा, आता डिझेलची गाडी घेऊन फिरलं की लोक घोडागाडीकडे बघावं तसं बघतात." मी म्हटलं, आमच्या लोंगवोलमध्ये घोड्याकडे अजून आदराने बघतात. पण तिने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात गाडीला बोट ठेवायला जागा नव्हती. डोंगर ओलांडून शहरात जायचं, कामं करायची, परत यायचं, तरी बॅटरीत निम्मी वीज शिल्लक. हिवाळ्यात मात्र बोट ठेवलं की चिकटतं. तिच्या दाराच्या मुठी दारातच लपलेल्या असतात (फॅशन आहे म्हणे) आणि थंडीत त्या बाहेर यायला तयार नसतात. रोज सकाळी मी दाराला बुक्के मारतो. शेजारचा हालस्टाइन त्याच्या डिझेल गाडीचं इंजिन चालू ठेवून हे बघत उभा असतो आणि विचारतो, "काय रे, आतून कुणी कडी लावलीय का?" मी पुढचा बुक्का मारतो.

आत बसल्यावर हीटर लावायचा नाही, हा पहिला नियम. हीटर लावला की समोरचा आकडा असा घसरतो की माणसाला घाम फुटतो, म्हणजे ऊब तशी दोन्ही बाजूंनी मिळते, पण डोंगर चढायला वीज उरत नाही. म्हणून मी लोकरीचे दोन थर, नमद्याचे बूट, बुडाखाली रेनडियरचं कातडं आणि तुमच्या बहिणीने, ओसहिलने, विणलेली ती डोळे तेवढे उघडे ठेवणारी टोपी असा बसतो. (टोपी तुमच्यासाठी विणली होती. डोकं मोठं निघालं म्हणून माझ्याकडे आली.) श्वासाचं बर्फ काचेवर आतून धरतं. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने खरवडणं. पुढे वेग नाही, मागे लाकडाच्या ट्रकांची रांग. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

शहरात वीज भरण्याची सोय आहे, नाही असं नाही. पण तिथले खांब सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि प्रत्येकाला आधी फोनवरून आपलं नाव, जन्मतारीख आणि गुप्त शब्द सांगावा लागतो. मी मागच्या वेळी गुप्त शब्द इतका गुप्त ठेवला की मलाही सापडला नाही. त्यात बर्फात मोजे काढून फोन चालवायचा. तेव्हा मी ठरवलं, शहरातून जेवढी उरेल तेवढ्या विजेवर निघायचं. ती बरोबर ग्रोन्सेतपर्यंत पुरते, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापर्यंत. तिथे घोडं अडतं.

ग्रोन्सेतला गुन्वोर राहते. तुम्हीही तिला ओळखता, ती पंचायतीची फिरत्या ग्रंथालयाची बस चालवायची. मी तीस वर्षं तिच्याकडून पुस्तकं घेतली आणि तीस वर्षांत आमच्यात "हे परत" आणि "हे नवीन" यापलीकडे बोलणं झालं नाही. उगाच कशाला बोलायचं? आपल्याकडे कामाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. पण नाताळाच्या आधी दंतवैद्याकडून येताना गाडीने ग्रोन्सेतला मान टाकली आणि मला काम निघालं. माझा अर्धा जबडा बधिर होता. दार उघडून ती म्हणाली, "एंगेब्रेट, बस बंद होऊन सहा वर्षं झाली. काही परत करायचं राहिलंय का?" मी गाडीकडे बोट दाखवलं. "वीज हवीय होय? मग उंबऱ्यात का उभा? वीज काय तू नाकाने ओढून घेणार आहेस? आत ये, बूट काढ." गाडीला प्लग लावतात तिथलं झाकण गोठून बसलं होतं. मी त्यावर थर्मासमधली कॉफी ओतली, तर कॉफीही गोठली आणि दुष्काळात तेरावा महिना झाला. शेवटी तिने केस वाळवायचं यंत्र आणलं आणि झाकण उघडेपर्यंत दोघंही अंगणात उभे राहिलो. तोपर्यंत माझा जबडा शुद्धीवर आला.

आता अडचण अशी, की तिच्या घराच्या भिंतीवर जो साधा प्लग आहे तो आणि स्वयंपाकघर एकाच फ्यूजवर आहेत. गाडीला वीज दिली आणि वॅफलचा साचा तापवला की फ्यूज उडतो. त्यामुळे वॅफल करायचे तर बाहेर जाऊन गाडीचा प्लग काढावा लागतो आणि खाऊन झालं की परत लावावा लागतो. आधीच त्या प्लगमधून वीज ठिबकल्यासारखी येते, त्यात वॅफल. दंतवैद्याची खेप दर बुधवारी असते; पहिल्या बुधवारी एकच ताटली झाली. आता तीन होतात, वर तपकिरी चीज. मी उठायला लागलो की म्हणते, "बस रे, पीठ उरलंय." पीठ नेहमी उरतं. अख्ख्या तालुक्यात कुणाकडे कोणतं पुस्तक आहे हे जिला तोंडपाठ होतं तिला दोन माणसांच्या पिठाचा अंदाज येऊ नये, याचं मला नवल वाटतं. पण आपण पाहुणे, आपण कसं बोलणार? दोनदा तर रात्री तिथेच माडीवर राहावं लागलं, घाट बंद होता. (एकदा बंद नव्हता, पण ते आम्हाला उशिरा कळलं. रेडिओ कुणी लावला नव्हता.)

हालस्टाइनला हे पाहवत नाही. परवा कुंपणावरून ओरडला, "काय एंगेब्रेट, दर बुधवारी दंतवैद्य? तोंडात दात आहेत की मक्याचं कणीस?" त्याला काय कळणार. दंतवैद्य एका खेपेत तीन दात भरतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. या वयात एकेक केलेला बरा. पण वरची ओळ संपली, खालचीही संपत आली आहे. पुढच्या बुधवारी नुसती तपासणी आहे. त्यापुढे काय, ते अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून जाईल म्हणून इथेच सांगतो. ओसहिल गेल्यापासून आमच्या घरात आवाज करणारे दोघंच, फ्रीज आणि मी, आणि त्यात फ्रीज जास्त बोलतो. बुधवारी परत येतो तेव्हा माझा घसा बसलेला असतो. गुन्वोरला ओसहिल चांगली आठवते. रहस्यकथा घेताना ओसहिल बसच्या पायरीवर उभी राहून आधी शेवटचं पान वाचायची आणि मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवायची, म्हणे. चाळीस वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का? मी खूप हसलो आणि मग थोडा वेळ गाडी बघायला बाहेर गेलो.

असो. विजेच्या गाडीवाल्यांचे या भागात काय हाल आहेत हे वरील मजकुरावरून समितीच्या लक्षात येईलच. वहिनींना नमस्कार सांगा. मुरंब्याची बरणी संपली, धुऊन ठेवली आहे.

आपला,
एंगेब्रेट

ता.क. मुख्य मुद्दा राहिला. मारितचा मोठ्या आनंदात फोन आला होता, की ग्रोन्सेतच्या दुकानापुढे जलद चार्जर बसवायचं तुमच्या समितीसमोर आलं आहे. नुसतं बँकेचं कार्ड लावायचं, गुप्त शब्द नाही, अर्ध्या तासाच्या आत गाडी डोंगर चढायला तयार. गुन्वोरच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. मेहुणे, ते होऊ देऊ नका. अर्ध्या तासात काय होतं? तेवढा वेळ आम्हाला बूट काढून हवेविषयी बोलायलाच लागतो. तुम्ही म्हणाल, चार्जर असला म्हणून काय, सरळ जा आणि दार वाजव. आणि तिने विचारलं, काय काम काढलंस, तर मी काय सांगू? कायमचा नको म्हणत नाही. हा हिवाळा जाऊ दे, जमलं तर पुढचाही. फाइल एखाद्या पोटसमितीकडे पाठवता येते असं ऐकतो. तुम्ही ओसहिलचे थोरले भाऊ. तुमच्याकडे हे मागताना मला जड गेलं, पण तुम्हाला न सांगता पुढे जाणं त्याहून जड गेलं असतं. तुम्हाला पटलं नाही तर खुशाल चार्जरच्या बाजूने हात वर करा. मी मनात काही धरणार नाही आणि निमूट कार्ड लावीन.

ता.क. २ हे पत्र मी गुन्वोरच्याच टेबलावर बसून लिहितो आहे. (गाडीचा प्लग सध्या काढलेला आहे.) तिने विचारलं, कुणाला एवढं लांबलचक? मी म्हटलं, ओडमुनच्या गुडघ्याची चौकशी करतोय. ती "बरं" म्हणाली, हात पुसले, समोर बसली आणि तिनेही एक कागद लिहून काढला. पाकीट जातंच आहे तर हेही घाल म्हणाली. तो सोबत जोडला आहे. समितीला उद्देशून रीतसर हरकत आहे, की दुकानापुढे चार्जर बसवल्यास त्याच्या घरघरीने तिच्या गाभण मेंढ्या बिथरतील. अक्षर सुंदर आहे, मुद्दे बिनतोड आहेत. फक्त एक, तिच्याकडे मेंढ्या नाहीत. कधीच नव्हत्या. समितीत हे कुणाला ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगू नका.