विड्याआधीची नजर

आबा, तुमच्या नाटकातली ती बाई मेली की जगली, यावरून काल आमच्या दारात दोन बायकांची जुंपली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कंपनी मोडली, तुमचे रंगवलेले पडदे कुठल्या कुठल्या लग्नमांडवांत गेले, पण हे भांडण काही मिटत नाही. एक म्हणत होती, नवऱ्यानं विड्यात विख घातलं. दुसरी म्हणत होती, छे गं, नवरा देवमाणूस, बाईच्याच डोक्यात फरक. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. दोघींतल्या एकीनंही विचारलं नाही, की नाटकवाल्या मास्तरांची लेक तू, तुला काय वाटतं? म्हणजे तुमचीच रीत पुढं चालू आहे म्हणायची.

माझ्या लेकीला तुमचं नाटक ठाऊक नाही. तिच्या वेळेला गावात पडद्यावर हलणारी चित्रं आली, तिथं कितीही वन्समोअर दिलं तरी चित्र काही मागं फिरत नाही. तिनं विचारलं म्हणून तिला गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगते, चुकलं तर टोका. एका इनामदाराची दुसरी बायको. नवरा गोड बोलणारा, कधी आवाज चढवायचा नाही. रोज जेवण झालं की ती त्याला विडा करून देते. मग हळूहळू तिला वाटायला लागतं, घरात आणखी एक बाई आहे. बांगड्या वाजतात, झोपाळा हलतो, विड्याचं तबक ठेवल्या जागी सापडत नाही. नवरा म्हणतो कुणी नाही, मोलकरीण म्हणते कुणी नाही, आणि बघणाऱ्यांनाही दिसत कुणी नाही, नुसत्या बांगड्या ऐकू येतात. शेवटच्या अंकात नवरा कधी नव्हे तो स्वतःच्या हातानं विडा करतो आणि तिच्यापुढं धरतो. ती घेते, तोंडाजवळ नेते, थांबते, त्याच्याकडं बघते. मग खाते. पडदा. ना भरतवाक्य, ना कसला उलगडा. लेक म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. एवढ्यावर सगळं कोल्हापूर पेटलं होतं.

आपल्या घरी तुमचा विडा मी करायची. आई गेल्यावर तुमच्या बहिणीनं, आत्तीनं, चूल हातात घेतली, दळण-कांडण घेतलं, तुमची बोलणी खाणंही घेतलं, पण विड्याला मी तिला हात लावू दिला नाही. देठ खुडायचे, शिरा काढायच्या, चुना नखभर, सुपारी तुम्हाला बारीक कातरलेली लागायची, वर लवंग टोचायची. दिवसभर तुम्ही कंपनीतल्या त्या मिशीवाल्या नटांचे. विडा होईपर्यंतच्या घटकेला तेवढे माझे. त्या वेळी तुम्ही मला दिवसभरातलं काय काय सांगायचात, कोण बेसूर गेला, कोण भाषण विसरला. माझं लग्न झालं होतं, मुरगूडला नांदायला धाडायची तेवढी राहिली होती. म्हणजे त्या घटकाही आता थोड्याच उरल्या होत्या. मला ते ठाऊक होतं. तुम्हाला होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आणि नेमकं तेव्हा तुम्ही त्याला घरी आणलंत. गारगोटीचा तो, स्त्रीपार्ट करणारा. केस कमरेपर्यंत राखलेले, रंग उजळ, आणि चालायचा माझ्यापेक्षा झोकात, मेला! "हिच्याकडं बघत बस," तुम्ही त्याला म्हणालात. "बाईमाणूस विडा कसा करतं ते शिकून घे. सांगून यायचं न्हाय ते." झालं. तो माझ्यासमोर मांडी घालून बसायला लागला. मी पदर सावरला की तो नसलेला पदर सावरायचा. मी कपाळावरची बट मागं सारली की याचीही बट मागं. आत्ती आत चुलीपाशी पोट धरून हसायची. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मीही फुशारले. आबा माझ्यावरनं नाटक बसवतायत म्हणून मैत्रिणींत मिरवलेसुद्धा.

मग तो दिवस आला. जेवणं झाली, मी हात धुऊन आले तर तबक त्याच्यापुढं. त्यानं केलेला विडा तुमच्या तोंडात, आणि तुम्ही डोळे मिटून चघळताय. "वा!" म्हणालात. "ह्याला म्हंत्यात विडा! पोरी, आता तू सासरी गेलीस तरी माझी सोय झाली की." आत्ती हसली. तो लाजला, आणि लाजला तेही हुबेहूब माझ्यासारखं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर तुम्ही त्याला सांगितलंत, "तिलाबी एक दे." त्यानं विडा पुढं केला. मी घेतला, तोंडाजवळ नेला, आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बघितलंत, आणि लगेच तपकिरीची डबी शोधायला लागलात. मग मी खाल्ला. चुना जास्त झाला होता, जीभ भाजली. त्याच्या विड्याचं एवढं कौतुक झाल्यावर भाजली म्हणून सांगायचं तरी कुणाला?

पहिल्या खेळाला मी आणि आत्ती चिकाच्या पडद्यामागं बायकांत बसलो होतो. शेवटचा अंक चालू आहे. नवरा विडा करतो, पुढं धरतो. गारगोटीचा तो विडा घेतो, तोंडाजवळ नेतो, आणि बघतो. आबा, मी पुढं सरकून चिकाला नाक लावलं. ती मान, तो खालचा ओठ, ते न मिटणारे डोळे, सगळं माझं. आपलं चोरीला गेलेलं लुगडं भरबाजारात दुसरीच्या अंगावर दिसावं तसं मला झालं. आणि पडदा पडायच्या आत पिटातनं कुणीतरी आरोळी ठोकली, "वन्समोअर!" गाण्याला वन्समोअर देतात, नुसत्या बघण्याला कुणी देतं का? पण आपलं कोल्हापूर ते, आवडलं म्हणजे आवडलं, सगळेच बोंबलायला लागले. विंगेतनं तुम्ही खूण केलीत असणार. त्यानं तबकातला दुसरा विडा उचलला आणि पुन्हा बघितलं. इथंच घोळ झाला. टाळ्यांनी हुरळला असेल, दुसऱ्या वेळी त्याचा ओठ जरासा हसला. लोकांना वाटलं, ही मास्तरांचीच करामत: एक विडा विखाचा, एक बिनविखाचा, खरा कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आपल्या सोप्यावर रीघ. तालमीतला एक पैलवान दंड थोपटत आला, "मास्तर, त्यो नवरा हरामखोर हाय. कुठं ऱ्हातोय सांगा, त्याची तंगडीच मोडतो." तुमचे कपडे शिवणारे चाचा शांतपणे म्हणाले, "न्हाय मास्तर, बाईनं जाणून खाल्ला. त्याच्या हातचं मिळतंय न्हवं, मग विख का असंना, असं झालतं तिला." कोपऱ्यावरचा पानवाला रडकुंडीला आलेला, "गिऱ्हाईक पान हातात घेतंय अन् माझ्या तोंडाकडं बघतंय! माझ्या धंद्यात विख कालवलंसा की ओ." शिरोळकडचा एक शेतकरी तर गाडी जुंपून आला होता. त्यानं तुम्हाला ओळखलंही नाही, अंगणातनंच ओरडला, "ओ पावणं, बाई मेली का जगली तेवढं सांगा, बैलं उन्हात उभी हाईत." आत्तीसुद्धा भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसरी बाई खरंच हुती बघ घरात. माझा दादला गेला तवा मला बी वाजायच्या बांगड्या." आणि तुम्ही? तुम्ही प्रत्येकाला बसवून घ्यायचात, चहा सांगायचात आणि पुढं झुकून विचारायचात, "तुमास्नी काय वाटलं?" पैलवानाला विचारलंत, पानवाल्याला विचारलंत, त्या बैलगाडीवाल्यालाही विचारलंत. चहाचे पेले घेऊन मी आतबाहेर करत होते. दर खेपेला वाटायचं, आता विचारतील. एकदा तुम्ही मान वर केलीत, मी थांबले, आणि तुम्ही म्हणालात, "साखर कमी हाय."

त्याचं कौतुक तर विचारू नका. पैलवान त्याला दूध पाजायचे, बायका गजरे धाडायच्या. बाईच्या मनात काय होतं म्हणून कुणी विचारलं की तो मान खाली घालून म्हणायचा, "मास्तरांस्नी ठावं." तुम्ही म्हणायचात, "त्याला ठावं." दोघं मिळून जगाला फिरवत होतात आणि मी आपली सुपारी कातरत होते. कुणी म्हणायचं ती नजर भीतीची, कुणी म्हणायचं प्रेमाची, कुणी वेडाची. एकालाही ओळखता आली नाही. मी मुरगूडला गेले ती मनात हे असं घेऊनच. पहिल्या सणाला आले तर तुमच्या जेवणानंतर तबक त्याच्याकडंच होतं, आणि मी पाहुणी. मग तुम्ही तापानं गेलात. निरोप पोचून मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि शेवटचं पाणीसुद्धा त्याच्याच हातचं. ते कळलं तेव्हा मी आधी रडले की आधी जळले, मला सांगता यायचं नाही.

परवा तो आला होता, म्हणून हे सगळं वर आलं. आता आम्ही कोल्हापुरातच राहतो, त्यानं घर शोधून काढलं. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, गुळाच्या अडत्याकडं दिवाणजी आहे. मला जरा बरं वाटलं, लपवत नाही. चहा झाला आणि मी विचारून टाकलं, "शेवटाला बघायचास तेव्हा मनात काय असायचं रे? भ्यायचास?" तो म्हणाला, "भ्या कशाचं, आक्का? मास्तरांनी कानात सांगितलंतं की. म्हणले, भिऊ नगंस. जळ. आपल्या घरात आपली जागा दुसऱ्याला दिली अन् वर त्याच्याच हातचं खायला लावलं, असं बघ." मग थोडा घुटमळला. "म्हणले, माझी पोरगी माझ्याकडं अशी बघितली. मला तिच्याकडं बघवलं न्हाय. आता ह्या नाटकात रोज बघतो."

आबा, म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. माझी नजर तुम्ही उगाच उचलली नव्हतीत, ओळखून उचलली होतीत. मला संताप यायला हवा होता. पण नाही आला. मी आत गेले, पदर तोंडात कोंबला आणि खुळ्यासारखी हसले, मग रडले. जन्मभर ज्याला त्याला विचारत होतात, मला तेवढं विचारलं नाहीत, कारण माझं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होतं. हे सुख घटकाभर पुरलं. मग डोळे पुसता पुसता ध्यानात आलं, की हे तुम्ही सांगितलंत तेही त्यालाच! माझ्या मनातलं, माझ्याविषयीचं, इतकी वर्षं त्याच्यापाशी होतं आणि माझ्यापाशी नव्हतं. पुन्हा तसाच भडका उडाला, जसाच्या तसा. या वयात, आबा! तो निघताना म्हणाला, "मास्तरांवर काय लिवलं-बिवलं तर मला वाचून दाखवा, आक्का." मी व्हय म्हटलं. दाखवणार नाही. हे कागद मी लुगड्यांच्या तळाशी ठेवते आहे. तुमचं एवढं तरी माझ्या एकटीचं असू दे.