जवळच्या माणसानं भरायचा फॉर्म

रविवार, ९ मार्च, दुपार

प्रिय थेंब,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पाकीट तसंच कपाटात ठेवून कामावर गेले. संध्याकाळी आले, भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला, मग उघडलं. तीन वर्षांनी आलेलं पत्र कोणी असं ठेवून देतं का? पण मी दिलं.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिन्याला त्याची सवय झाली आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा हल्ली रेडिओ इतका मोठा लावतात की बातम्या मला फुकटात मिळतात. छकुलीचे पुढचे दोन दात पडले हे वाचून मावशीला धंद्याच्या दृष्टीनं फार आनंद झाला, असं तिला सांग. आणि नवे आल्याशिवाय कोणासमोर तोंड उघडायचं नाही असा तिनं पणच केलाय म्हणतेस, तर तिला तो मोडायला लाव. बोबडं बोलली तरी बोलू दे.

लॅबमध्ये काम भरपूर आहे. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, आम्ही कवळ्या करून देतो. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या हिरड्या मला पाठ आहेत. मेणात एकेक दात बसवताना कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम आवडतं. तू एकदा म्हणाली होतीस की ताईला माणसांपेक्षा त्यांचे दात बरे वाटतात. तेव्हा मी रागावले होते.

आता जरा वेगळीच गोष्ट सांगते. आमच्याकडचा साचे ओतणारा आणि पॉलिशवाला दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप माझ्यामार्फत जायचे. चार पावलांवर बसलेल्या माणसाला ‘त्याला सांगा’ आणि त्यानं ‘त्याला विचारा’. मालकांना वैताग आला आणि त्यांनी एका बाईंना बोलावलं. स्वभावाचा प्रकार ओळखायचा म्हणे. सत्तर प्रश्न, प्रत्येकाला नेहमी, कधी कधी किंवा कधीच नाही यांतली एक खूण, आणि शेवटी तुम्ही कोणत्या प्रकारचे ते कळतं. मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. अजूनही थोडा वाटतो.

पण त्या दोघांचं जमलं, हे खरं. साचेवाल्याला प्रत्येक गोष्ट आधी सांगितलेली लागते, ऐनवेळी बदल झाला की तो आतून हादरतो आणि गप्प बसतो. पॉलिशवाल्याच्या डोक्यात येईल ते त्याच क्षणी तोंडात. एकाला वाटायचं दुसरा मुद्दाम छळतो, दुसऱ्याला वाटायचं हा फुगून बसलाय. बाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. साचेवाला दोन्ही कागद वाचून म्हणाला, “म्हणजे हा मला चिडवत नव्हता?” आता दोघं एकत्र डबा खातात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

माझं मात्र असं झालं. प्रत्येकाला दोन फॉर्म दिले होते. एक स्वतः भरायचा. दुसरा आपल्याबद्दलच, पण जवळच्या माणसानं भरायचा. घरी न्या, कोणाकडून तरी भरून आणा, म्हणाल्या. बाकीच्यांनी बायकोकडून, मुलाकडून, आईकडून भरून आणले. मी तो कागद चार दिवस पर्समधून फिरवला. रेडिओवाल्या आजोबांना द्यावा असंही मनात आलं. शेवटी मी तो स्वतःच भरला. तू भरला असतास तसा. निळ्या शाईचं पेन घेतलं, अक्षर तुझ्यासारखं गोल काढलं. वर ‘या व्यक्तीशी तुमचं नातं’ अशी एक ओळ होती, तिथं लिहिलं, सख्खी बहीण.

खोटं करायचं तर नीट करावं, म्हणून प्रत्येक प्रश्नाला तुझ्या डोक्यानं विचार केला. ‘संकटात ही व्यक्ती पुढे होते का?’ नेहमी. ‘भावनेपेक्षा विचारानं ठरवते का?’ नेहमी. ‘इतरांसमोर रडते का?’ कधीच नाही. भराभर खुणा होत गेल्या, वीस मिनिटंही लागली नाहीत. माझा स्वतःचा फॉर्म भरायला मात्र दोन संध्याकाळी लागल्या होत्या. त्यात मी खरं लिहिलं होतं, कारण तो बाईंशिवाय कोणी वाचणार नव्हतं.

बाईंनी मला एकटीला बोलावलं. समोर दोन कागद. म्हणाल्या, “तुमची बहीण तुम्हाला फार वेगळं ओळखते. हे एकाच माणसाचे कागद वाटत नाहीत.”

तुझ्या कागदावरची मी धीराची, डोक्यानं चालणारी, दुसऱ्यांना आधार देणारी. माझ्या कागदावरची मी घाबरट. बाईंनी हा शब्द वापरला नाही, त्या फार जपून बोलतात. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखी व्यक्ती दुःख झालं की ते कोणी पाहू नये म्हणून सगळी दारं लावून घेते, आणि दार कशासाठी लावलं हे स्वतःलाही सांगत नाही. बाहेरच्यांना वाटतं, किती खंबीर. मग विचारलं, बहिणीशी यावर कधी बोलणं झालं का? मी म्हटलं, ती लांब असते.

थेंब, आपल्या घरात हे प्रकार कोणी बाई न बोलावताच ठरले होते. बाबांनी मला खांब म्हटलं, तुला थेंब म्हटलं, आणि झालं. बाबांना यमक जुळल्याचा आनंद. आपण दोघी मात्र तीच नावं अंगात घालून मोठ्या झालो. खांबाला कोणी विचारत नाही की तुला काही होतंय का. आणि थेंबाला काही सांगायचं नसतं, ती लगेच फुटेल.

आपला काळा कुत्रा गाडीखाली आला तो दिवस आठवतो? तू नऊ वर्षांची, मी तेरा. घरी कोणी मोठं नव्हतं. घरात ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जायची की धाकटीनं रडून आकांत केला आणि थोरलीच्या डोळ्यांत टिपूस नाही, केवढी धीराची. झालं होतं असं की तू रडत रडत गोणपाट आणलंस, रडत रडत त्याला त्यात घेतलंस, आणि मागच्या अंगणात खुरप्यानं खड्डा खणलास. मी न्हाणीघरात नळ सोडून उभी होते. सगळं आवरल्यावर बाहेर आले, तोंड कोरडं करून. घराच्या लक्षात राहिलं ते तुझं रडणं. खड्डा कोणी खणला हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पस्तीस वर्षं झाली.

हे मी बाईंच्या समोर बसले असताना आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी होते? फक्त त्याचा अर्थ त्या दिवशी लागला.

आता तुझ्या पत्राकडे येते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे ते का, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू लिहिलं आहेस, ‘ताई, मी फार ताणलं. आई आजारी असताना तू मला बोलावलं नाहीस, ती गेल्यावरच फोन केलास, हा राग मी तीन वर्षं धरून ठेवला. पण तूही मला सोसणार नाही म्हणूनच लपवलंस ना? आणि नाहीतरी आई शुद्धीवर नव्हती. मी आले असते तरी तिला कळलं नसतं. या एका गोष्टीवर मी मन शांत केलं आहे. सुट्टीत ये.’

हे मी इतक्या वेळा वाचलं की कागदाची घडी फाटायला आली. यायचं ठरवलं होतं. बुधवारी रजेचा अर्जही लिहिला. तू दार उघडशील, छकुली बोळक्या तोंडानं हसेल, मी काहीच बोलणार नाही, आणि सगळं सुरळीत होईल. मला ते हवं आहे. तीन वर्षांत मला दुसरं काहीच नको होतं.

पण आई शुद्धीवर होती.

सोमवारी सकाळी तिला दवाखान्यात ठेवलं, गुरुवारी संध्याकाळी ती गेली. चारही दिवस तिला सगळं कळत होतं. पहिल्याच दिवशी मास्क लावायचा म्हणून तिची कवळी काढायला सांगितली. मीच काढली. मीच केलेली कवळी ती, पुढचा एक दात मुद्दाम जरा तिरका बसवलेला, तिच्या मूळच्या दातासारखा. डबीत घालून पर्समध्ये ठेवली. दात नसताना आईचं बोलणं म्हणजे नुसती हवा, तुला माहीत आहे. नर्सला एक अक्षर कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. ती एकच विचारायची, “धाकटी आली का?”

मी म्हणायचे, निघाली आहे. सोमवारी म्हटलं, मंगळवारी म्हटलं. तू सहा तासांच्या अंतरावर होतीस आणि तुला मी काहीच कळवलं नव्हतं. एकदा नर्सनं विचारलं, त्या काय म्हणताहेत? मी सांगितलं, पाणी मागताहेत. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. आई ते प्याली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बुधवारी दुपारी नर्स म्हणाली, “आता तासभर मास्क काढतोय. कवळी लावा त्यांना, म्हणजे नीट बोलता येईल.”

मी म्हटलं, घरी राहिली.

पर्स माझ्या मांडीवर होती.

गुरुवारी सकाळपासून आईनं विचारणं बंद केलं. दमली म्हणून नाही. मला वाटतं, तिला कळलं होतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझ्यासाठी केलं. थेंब हळवी आहे, तिला हे बघवणार नाही, मी आहे ना खंबीर. सगळ्यांनी मान डोलावली, आता पत्रात तूही डोलावलीस. खरं एवढंच आहे की तू आली असतीस तर दारातच रडली असतीस, मग मला मिठी मारली असतीस, आणि मी तिथंच कोसळले असते, आईच्या देखत, तुझ्या देखत. ते मला नको होतं. म्हणून तुला तुझी आई भेटू दिली नाही आणि तिला तिची मुलगी. तू तो खड्डा खणला असतास, रडत रडत. तुला सगळं सोसलं असतं. सोसणार नव्हतं ते मला.

बाई म्हणतात, स्वतःचा प्रकार कळला की माणूस स्वतःला माफ करायला शिकतो, नाती सुधारतात. साचेवाल्याची सुधारली. मला कळलं त्यानं माझं काही हलकं झालं नाही. आधी निदान मी चांगल्या हेतूनं चुकले होते. आता तेही राहिलं नाही. स्वभावच असा, असं म्हणून सुटता येईल, पण नर्सनं विचारलं तेव्हा पर्सची चेन ओढणारा हात काही स्वभावाचा नव्हता, माझा होता.

मग हे तुला का लिहिते? तू मन शांत केलं आहेस, ते मी मोडते आहे. नाही लिहिलं तर तू मला परत मिळतेस. गेले चार दिवस याच दोन वाक्यांत मी अडकले होते. पण तू एवढंच घेऊन माझ्याजवळ येणार, की ताईनं माझ्यासाठी केलं आणि आईला काही कळत नव्हतं, आणि यातलं काहीच खरं नाही. आईनं शेवटी तुझंच नाव काढलं, दुसऱ्या कोणाचंच नाही. ते तुझं आहे. तीन वर्षं मी ते त्या डबीसारखं माझ्याकडे ठेवून घेतलं.

रजेचा अर्ज फाडला आहे. तू ज्या ताईला बोलावलंस, ती मी नाही.

एक सांगायचं राहिलं. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘छकुली अगदी तुझ्यावर गेली आहे, पडली तरी रडत नाही, आम्ही तिला छोटा खांब म्हणतो.’ थेंब, म्हणू नका. माझं बाकी काही ऐकलं नाहीस तरी एवढं ऐक. ती पडल्यावर कुठं जाते ते बघ. न्हाणीघरात जाऊन नळ सोडत असेल तर दार वाजव, आणि उघडेपर्यंत वाजवत राहा.

सोबत एक कोरा फॉर्म ठेवला आहे. बाईंकडून मागून घेतला. जवळच्या माणसानं भरायचा आहे तो. मागच्या वेळी तुझ्या नावानं मी भरला, या वेळी तुझ्या हातानं होऊ दे. सत्तर प्रश्नांना ‘कधीच नाही’ लिहिलंस तरी चालेल. फाडलास तरी चालेल. ‘या व्यक्तीशी तुमचं नातं’ ही वरची ओळ मी रिकामी सोडली आहे. तिथं काय लिहायचं हे सांगण्याचा हक्क मला नाही.

लोभ असावा, असं लिहायची हाताला सवय आहे. लिहीत नाही. नुसतं कळावं.

आईची थोरली मुलगी